पानमळ्यातली जळकी वाट

काजलनं प्लास्टिकच्या पिशवीची गाठ सोडली आणि वामनरावांच्या तोंडातलं पान एकाएकी कडू झालं.

पिशवीत विड्याची पानंच होती. पण काळी पडलेली, चिकट, एकमेकांत विरघळलेली. बंद डब्यात विसरलेल्या भाजीसारखा वास त्या लहानशा खोलीत भरून राहिला. वामनराव खिडकीकडे सरकले.

डिंपल मात्र जागची हलली नाही. खामगावात एका औषधाच्या दुकानावर तिचं हे दोन खुर्च्यांचं कार्यालय. काम खासगी चौकशीचं, आणि त्यातही बहुतेक लग्नाआधी स्थळं तपासण्याचं. वामनराव तिचे सख्खे मामा. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, आता भाचीची स्कूटर चालवत. याहून जास्त आपला तिला काही उपयोग होत असेल असं त्यांना वाटत नसे.

"पिंपळगाव राजाच्या शिवारात माझ्या सासऱ्याचा पानमळा आहे," काजल म्हणाली. "त्यातल्या वेली जळाल्या. सासू म्हणते, माझ्या विटाळानं. आज चार वाजता गावातले जाणते बसणार. माझ्या वडिलांलेबी बोलावलं. पोरीले घेऊन जा म्हणतात."

"तू मळ्यात गेली होती?" डिंपलनं विचारलं.

"मंगळवारी. सासरे शेगावले गेले होते, त्यांचा चष्मा पाण्याच्या मोटरीपाशी राह्यला होता. मालकानं दुकानातून फोन केला, तेवढा आणून ठेव म्हणे. म्या सांगतलं, माझा दुसरा दिवस आहे, मी बाहेर बसली. तर म्हणे, आजकाल कोण मानते ते?"

बरा मुलगा दिसतो, वामनरावांच्या मनात आलं.

"कशी गेली? नीट सांग."

"दारातून सरळ. तिसऱ्या ओळीपासून डावीकडं, मोटरीपर्यंत. अन् तशीच वापस."

"मालकाचं नाव काय? दुकान कशाचं?"

"शिवम. मोबाईलचं आहे, इथंच खामगावात."

डिंपलनं टेबलावरचं एक पिवळं पाकीट हळूच पालथं केलं. मग चिमट्यानं एक पान उचलून उजेडात धरलं. त्यावर मुगाएवढे गोल, करपलेले डाग होते.

"मामा, स्कूटर काढा."

मळ्याच्या दारात गुलाबराव उभे होते, काजलचे सासरे. पंचाहत्तरीचे, काटकुळे.

"पायताण बाहेर," ते म्हणाले.

दोघांनी चपला काढल्या. आत शेवरीच्या झाडांवर वेली चढलेल्या, चहूबाजूंनी ताट्यांचा आडोसा, पायाखाली गार चिखल. माजघरात शिरावं तसं वाटलं. आणि मग ती जळकी वाट दिसली. दारापासून सरळ, तिसऱ्या ओळीपाशी डावीकडे वळून थेट मोटरीपर्यंत. दोन्ही बाजूंच्या वेली गुडघ्याच्या उंचीपर्यंत काळ्या ठिक्कर, वरची पानं माना टाकलेली. पलीकडचा मळा हिरवागार.

डिंपल खाली बसली. "गवतबी करपलं की हो, बाबा."

"हाव. ते नाही लक्षात आलं."

"तणनाशक वापरता?"

"मळ्यात? हातानं निंदतो आम्ही. सोयाबीनसाठी आणलेलं घरी पडून असते."

जळक्या वेलींच्या बुडाशी चिखलात पावलं उमटली होती. सगळी अनवाणी.

तेवढ्यात फोनवर बोलत गुलाबरावांचा थोरला मुलगा शेखर तरातरा आत आला. पायात बूट.

"अबे, पायताण!" गुलाबराव ओरडले.

"राहू द्या हो, बाबा." शेखरनं फोन खिशात टाकला आणि डिंपलकडे वळला. "तुम्ही माझ्यावर वहीम घ्यान, मले माहीत आहे. दहा वर्सं सांगून राह्यलो, इथं प्लॉट पाडू. पण मले जाळायचाच असता तर अख्खा जाळला असता. एवढ्याशा वाटेनं माझं काय होते?"

"मंगळवारचा चष्मा तुम्हाला माहीत आहे?"

"कोणता चष्मा?"

घरी सासू सोजराबाई उंबऱ्यातच बसल्या होत्या. मागून बसनं परतलेली काजल दिसताच त्यांनी पदर आवरून घेतला.

"नागवेलीले सावलीबी चालत नाही अशा बाईची," त्या म्हणाल्या. "माझ्या सासूनं पाळलं, म्या पाळलं. या शिकलेलीले काय झालं होतं?"

"कुठून कुठं गेली होती ती?"

"मले काय ठाऊक? आत गेली एवढं समजलं."

"कोणी सांगितलं?"

"शिवमनं. पोरगं रडकुंडीले आलं होतं बिचारं. बायकोवर लय जीव आहे त्याचा."

शिवम ओसरीवर बाजेवर आडवा होता. पायांवर हळदीचा जाड लेप, त्यावर माशा. लेपाच्या कडेनं ओली, सोललेली कातडी दिसत होती. बोटांच्या नखांची मुळं पिवळी पांढरी पडली होती. वामनरावांच्या बाजूला तळवे होते. ते मात्र दुकानदाराचे असावेत तसे मऊ, गुळगुळीत. वामनरावांनी नजर दुसरीकडे वळवली.

"गुरुवारी शेगावले पायी गेलो," शिवम हसून म्हणाला. "अनवाणी. काजलसाठीच बोललो होतो महाराजांले. लय फोड आले."

"तुम्ही विटाळ मानता?"

"छ्या! मी नाही मानत हे काही. पायताण काढा, सावली पाडू नका, सारं जुनाट आहे. पण आईपुढं कोण बोलते?"

"चष्मा कुठं होता, तेवढं दाखवता?"

तो लंगडत निघाला. मळ्याच्या दारात बोलता बोलताच त्यानं चपला काढल्या, एकीला एक लावून ठेवल्या. चिखलात पाय पडताच त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. डिंपलनं ते पाहिलं. वामनरावांनीही पाहिलं, पण त्यातून काय समजायचं ते त्यांना समजलं नाही.

चार वाजता अंगणात सतरंजी पडली. शेजारी शिवमची बाज आणली, सोजराबाई तिच्यावर त्याच्याजवळ बसल्या. गावातले चार जाणते आले. काजलचे वडील अर्जुनराव एका कडेला मान खाली घालून बसले, अपराध त्यांचाच असल्यासारखे. काजल भिंतीपाशी उभी होती. पायाशी भरलेली बॅग.

डिंपल उभी राहिली. "विटाळानं वेल जळते की नाही, त्यावर मी वाद घालत नाही. पण गवत का जळावं? पानावर गोल डाग का पडावेत? हे थेंबांचे डाग आहेत. वेली गुडघ्यापर्यंतच जळाल्या, कारण डब्यातून तणनाशक शिंपडत कोणीतरी चालत गेलं."

कुजबुज झाली.

"कोण गेलं? जळालेली वाट जिथं जिथं काजल चालली तिथूनच जाते. दारातून सरळ, तिसऱ्या ओळीपासून डावीकडं, मोटरीपाशी संपते. ती आत गेली हे सोजराबाईंना कळलं, पण वाट माहीत नव्हती. शेखररावांना चष्माच माहीत नव्हता. ती वाट ठाऊक कोणाला? ज्यानं चष्मा कुठं आहे ते सांगून तिला आत धाडलं, त्याला."

शिवम हसायला गेला. "म्या? माझाच मळा म्या काऊन जाळीन?"

"जळक्या वेलींच्या बुडाशी बुटाचा एक ठसा नव्हता. शेखरराव बूट घालून शिरतात. पण तुम्ही सारं जुनाट म्हणता आणि आज सोललेल्या पायांनीसुद्धा दारात चपला काढल्या. लहानपणापासूनचं वळण आहे, हात आपोआप जातो. मंगळवारी संध्याकाळीही गेला. पायात चपला नव्हत्या, म्हणून तणनाशक पायांवर उडालं."

"ते शेगावच्या वाटेचे फोड आहेत!"

वामनरावांच्या डोक्यात काहीतरी लखकन हललं. "पण..." ते म्हणाले आणि थांबले. सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. आपण चुकतच असू, असं त्यांना वाटलं. तरी ते बोलले. "शेगावचा रस्ता म्या तीस वर्सं केला. अनवाणी दिवसभर चाललं तर तळव्याची चाळण होते. याचे तळवे लोण्यावानी आहेत. कातडी वरून गेली."

"तेच, मामा," डिंपल म्हणाली. "पाय चालण्यानं असे होत नाहीत. वरून उडालेल्या औषधानं होतात."

"पण काऊन?" अर्जुनरावांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

डिंपलनं पिवळं पाकीट काढलं. "मलकापूरच्या एका घरानं मला एका स्थळाची चौकशी सांगितली. मुलगा शिवम, मोबाईलचं दुकान. बायको वाईट चालीची निघाली, माहेरी धाडली, असं त्यानं त्यांना पत्रानं कळवलं. पत्रावर तारीख आहे तीन आठवड्यांपूर्वीची. तेव्हा काजल याच अंगणात भाकरी थापत होती आणि मळा हिरवा होता. स्वतःहून सोडली असती तर बोल याच्यावर आला असता. म्हणून सासूच्या तोंडून निघेल आणि गाव मान डोलवेल, असा दोष यानं तिच्यासाठी तयार केला. तिच्या पावलावर पाऊल ठेवून विष शिंपडलं."

सोजराबाई पोराच्या पायांकडे बघत राहिल्या. मग बाजेवरून उठल्या आणि खाली जाऊन बसल्या.

गुलाबराव पुढे झाले. "चपला काढल्या तू," ते म्हणाले. "मायच्यान... बायकोले मातीत घालाले निघाला, वेलीले इख पाजलं, अन् मळ्याचा मान राखला! मीच शिकवलं होतं तुले ते."

शिवमनं पाय बाजेखाली ओढून घेतले. माशा उठल्या, पुन्हा बसल्या.

म्हातारा काजलकडे वळला. "पोरी, चुकलं आमचं. इथंच सांगतो, या चौघांसमोर. बॅग ठेव. चल मळ्यात, हिरव्या वेलीचं बेणं तुझ्या हातानं काढ. जळल्या जागी तूच लाव."

काजल भिंतीपासून एक पाऊल पुढे आली.

"आज येता येते मले, बाबा. आज सहावा दिवस आहे. पुढच्या महिन्यात दुसरा दिवस असला तर म्हणसान काय, ये?"

गुलाबरावांनी मळ्याच्या दिशेनं पाहिलं आणि मान खाली घातली.

काजलनं बॅग उचलली. "चला, आबा," ती वडिलांना म्हणाली. "ते मले धाडून नाही राह्यले. मीच जाऊन राह्यली."

अर्जुनराव उठले. या वेळी त्यांची मान वर होती.

परतताना बसथांब्यावरच्या पानटपरीशी डिंपलनं स्कूटर थांबवायला सांगितली. "मामा, सकाळनंतर पान नाही खाल्लं. घ्या एक."

टपरीवाल्यानं हिरवंगार, ओलं पान हातावर पुसून चुन्याचं बोट लावलं. वामनराव त्या पानाकडे पाहत राहिले.

"नको," ते म्हणाले, आणि स्कूटर सुरू केली.