दाराखालचा पत्रा

टँकरला घाई होती, एवढाच त्याचा गुन्हा. दुष्काळातला मे महिना. बीड बायपासला दर आठवड्याला नवी इमारत उगवत होती आणि पाणी मात्र चाकांवर बसून येत होतं. असाच एक टँकर मागं येता येता अजिनाथच्या पांढऱ्या गाडीला भिडला, तेही नेमका बन्सीकाकांच्या गॅरेजच्या दारात.

दिपाली हातमोजे काढत बाहेर आली. माणूस जोखायचा तर त्याच्या गाडीला धक्का लागल्यावरच, असं तिचं मत होतं. पण हा गडी ओरडला नाही. ड्रायव्हरला म्हणाला, "दादा, आधी नळ बंद करा, पाणी चाललंय." मग वाकून गाडीचं दार पाहिलं. दाराखालचा पत्रा पार आत गेला होता.

इस्त्रीचा शर्ट, बाहीला ग्रीस, आवाज खाली... दिपालीनं मनातल्या मनात तीन गुण देऊन टाकले.

"मिस्त्री कुठंयत?" त्यानं विचारलं.

"तुमच्यासमोर."

"...तुम्ही?"

"पत्र्याची काही हरकत नाय. तुमची हाय का?"

तो हसला. एक गुण आणखी.

औरंगपुऱ्यात त्याचं पाण्याच्या मोटारींचं दुकान होतं. गाडी रविवारी सकाळी हवीच होती. "लई महत्त्वाचं काम हाय," एवढंच बोलला. शनिवारी संध्याकाळी देते, असा शब्द दिपालीनं दिला. सहा वर्षांत तिचा शब्द एकदाही मागं गेला नव्हता.

काम कुठवर आलं, हे फोनवर विचारलं असतं तरी भागलं असतं. पण अजिनाथ रोज दुपारी यायचा. दुकानापासून गॅरेज काही वाटेवर नव्हतं. दिपालीनं हेही टिपलं.

"नवाकोरा पत्रा, मग खरवडता कशाला?" ती ग्राइंडर फिरवत होती तेव्हा तो म्हणाला. "कंपनीनं रंग देऊनच पाठवलाय की."

"रंग नाय, प्रायमर. गंज लागू नये म्हणून. पण जिथं जोड द्यायचा तिथं लोखंडाला लोखंड भेटलं पायजे. मधी प्रायमर राहिला की धूर होतो, वेल्डिंगच्या टाक्याला छिद्रं पडतात. वरून गुळगुळीत, आत पोकळ."

"म्हंजी आधी खरवडून घ्यायचं, मग जुळवायचं."

"मी पत्र्याचं सांगतेय."

"मीबी पत्र्याचंच ऐकतोय..."

तिनं तोंडावर मुखवटा ओढला. हसू लपवायला तो बरा पडतो. "ठिणगीकडं बघू नका. डोळे जातील."

"ठिणगीकडं कोण बघतंय?"

दुसऱ्या दिवशी तो लाल डोळे घेऊन आला. रात्रभर डोळ्यांत वाळू खुपत होती म्हणे. आईनं बटाट्याच्या चकत्या ठेवल्या.

"ठिणगीकडं बघत नव्हता ना?" दिपालीनं विचारलं.

"तुम्ही तिच्या फार जवळ बसता. माझा काय दोष?"

शनिवारी वीतभर जोड उरला होता. बन्सीकाका चहा घेऊन आले. "शेठ, कल ऐसा क्या है? एवढी घाई कशाची?"

अजिनाथ कपाकडं बघत म्हणाला, "कन्नडला जायचंय. मुलगी बघायला. आईनं ठरवलंय."

दिपालीच्या हातातला ग्राइंडर थांबला. तिनं तो खाली ठेवला, मुखवटा ओढला आणि गनचा चाप दाबला. पत्रा तडतडला... भसकन पांढरा धूर आला. मुखवटा वर केला तर टाक्याची चाळण झालेली. शेवटची वीत तिनं खरवडलीच नव्हती. ही चूक तर शिकाऊसुद्धा दुसऱ्यांदा करत नाही.

वरून लांबीची पुट्टी भरली, रंग मारला की कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. गाडी संध्याकाळी जाईल, उद्या कन्नडला पोहोचेल. आणि खरं सांगावं, तर मुद्दाम अडवली म्हणतील. शब्द तर जाईलच.

तिनं हातमोजे काढले.

"गाडी आज नाय मिळायची. हा टाका कच्चा आहे. मीच केलाय. काढून परत करावा लागंल."

अजिनाथ जवळ आला. "मुद्दाम केलंत?"

"मुद्दाम केला असता तर तुम्हाला दाखवला नसता. ध्यान नव्हतं."

"कुठं होतं?"

"कन्नडला."

दिपालीला वाटलं, आता बोललोच आहोत तर अर्धं कशाला ठेवायचं? "कन्नडला एसटी जाते. खुशाल जा," ती म्हणाली. "पण मुलगीच बघायची असंल... तर उद्या दहाला इथं या. पोहे टपरीवरून मागवू."

त्यानं चहाचा कप खाली ठेवला आणि तो निघून गेला. गुण द्यायची सोय त्यानं ठेवली नाही. त्या रात्री दिपालीला झोप लागली नाही.

रविवारी पावणेदहालाच रिक्षा थांबली. अजिनाथ उतरला आणि त्याच्या मागून पदर सावरत त्याची आई, देवगाव रंगारीच्या आवडाबाई.

"कन्नडला कालच फोन केला, येत नाय म्हणून," तो हळूच म्हणाला. "लोकांना ताटकळत ठेवू नये."

आवडाबाई टायरवर ऐसपैस बसल्या. दिपालीला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "काय काय येतं गं तुला?"

"पत्रा जोडता येतो. पोहे बिघडतात."

"पोह्याचं काय, ते ह्याला येतात. तू तुझं काम दाखव."

दिपालीनं दोघांच्या हातात काळी काच दिली. कच्चा टाका काढला, पत्रा आरशासारखा होईस्तोवर खरवडला आणि वाकली. निळा उजेड पडला, टाका सरळ धावला... एक छिद्र नाही.

आवडाबाईंनी काच डोळ्यांवरनं काढली. "हात थरथरत नाय पोरीचा," त्या लेकाला म्हणाल्या. "मला काय विचारायचं नाय आता. तुला काय विचारायचं तर विचार."

अजिनाथनं काळी काच खाली ठेवली. "दिपाली, तुम्ही..."

"व्हय," ती म्हणाली.

"अजून विचारलं कुठं?"

"मग विचारा की. मी काय पळून चाललेय?"