निळ्या बोटीवरचे ठिपके

“ओ भाऊ! हात काढा तिथून... काढा आधी!”

उज्ज्वला इतक्या मोठ्यानं ओरडली की शेलूबाजारच्या रस्त्यावरून चाललेल्या जीपमधली माणसंही वळून बघू लागली. तिच्या दुकानासमोर, भर उन्हात, ट्रॉलीवर एक बोट उभी होती. गडद निळी, लांबसडक, खरीखुरी बोट! ट्रॉलीचं चाक पंक्चर झालं होतं. तेवढा वेळ कारणी लावावा म्हणून एक उंच तरुण बाह्या सारून, भांडी घासायची तारेची घासणी घेऊन बोटीवर तुटून पडायच्या बेतात होता.

“बोट माही हाये,” तो गोंधळून म्हणाला.

“असू द्या ना. वरतं सिरॅमिक कोटिंग हाये, पाणी झटकणारा पातळ थर. एकडाव घासणी फिरवली, की गेलं समजा.”

“तुमाले कसं समजलं?”

उज्ज्वलानं आपल्या बाटलीतलं पाणी चुळकाभर घेऊन बोटीच्या स्वच्छ भागावर शिंपडलं. थेंब गोल झाले, थरथरले आणि मोत्यांसारखे घरंगळून गेले. तो बघतच राहिला... आधी थेंबांकडे, मग तिच्याकडे.

“असं समजलं,” ती म्हणाली. “अन् हे पांढरे ठिपके कायचे, तेही सांगते. बोअरच्या पाण्यानं धुतली, अन् तशीच उन्हात वाळू दिली. बरोबर?”

“अरे बाप्पा... बरोबर.” तो ओशाळून हसला. हसताना त्याच्या डाव्या गालावर खळी पडली, आणि उज्ज्वलानं उगाचच खांद्यावरचं फडकं नीट केलं.

त्याचं नाव हरीओम. जवळच्याच मालेगावकडच्या एका धरणाकाठी त्याच्या घरची शेती. धरणावर लोकांना फिरवायला म्हणून त्यानं ही वापरलेली बोट नागपूरहून आणली होती. रविवारी पहिली फेरी होती, आणि गावानं बोटीची थट्टा आधीच सुरू केली होती.

“‘बोटीले गोवर निघाला’ म्हणतात लोक,” तो म्हणाला. “बाबा तर पाहायलेही येत नाहीत. हे जाईल का हो?”

“जाईल? भाऊ, तुमी कोणाच्या दुकानासमोर उभे हाये, ते तरी पायलं का?”

“दुकान पायलं नाही अजून,” हरीओम हळूच म्हणाला. “अन् ते ‘भाऊ’ तेवढं राहू द्या ना.”

उज्ज्वलाचे कान तापले. पण मान ताठच राहिली. ती मान ताठ ठेवायला तिला बरंच काही करावं लागलं होतं. पुण्याच्या मोठ्या वर्कशॉपमध्ये ती गाड्यांचं पॉलिश शिकली आणि परत आली. तिच्या वडिलांनी, उत्तमरावांनी, रस्त्याकडेची आपली मेथी-कोथिंबिरीची पट्टी तिला शेड टाकायला दिली. ‘पोरगी गाड्या धुते’ म्हणून हसणारे खूप होते. आता मंगरूळपीरचे डॉक्टरही गाडी तिच्याकडेच पाठवत. बोट मात्र आजवर कधी आली नव्हती.

बोट शेडच्या सावलीत घेतली. अंग गार होऊ दिलं, शॅम्पूनं धूळ काढली. मग उज्ज्वलानं पांढरं व्हिनेगर घेतलं आणि त्यात तेवढंच बॅटरीत टाकायचं पाणी मिसळलं.

“बॅटरीचं पाणी काहून?”

“त्याच्यात क्षार नसते. ज्या पाण्यानं डाग पडले, त्याच पाण्यानं कसे निघतील?”

एका कोपऱ्यात आधी करून पाहिलं. मग मऊ कापड त्या पाण्यात भिजवून, तापलेल्या लेकराच्या कपाळावर पट्टी ठेवावी तसं तिनं ते ठिपक्यांवर ठेवलं. जरा वेळानं, वाळायच्या आत, अलगद उचललं. धुतलं, पुसलं... ठिपके नाहीत! खाली नुसता निळा रंग, तळ्यासारखा खोल.

“जादू हाये,” हरीओम पुटपुटला.

“जादू नाही. काम हाये.”

बोटीच्या नाकावरचे काही ठिपके मात्र कोटिंग खाऊन आत गेले होते. तिथं तिनं हलकं पॉलिश केलं, नव्या कोटिंगचा हात दिला आणि बोट उद्यापर्यंत हलणार नाही, असं बजावलं. दुसऱ्या दिवशी तो आला तो वांगी आणि ताजी कोथिंबीर घेऊन. बोटीच्या निळाईत दोघांचे चेहरे शेजारी-शेजारी दिसत होते. तिथंच त्यांची नजर भेटली... आणि दोघांनीही ती जरा उशिरानंच वळवली.

“फेरी झाली की दरवेळी धुवायची, बोअरच्या नाही, गोड्या पाण्यानं, अन् लगेच कोरडी पुसायची,” ती घाईनं म्हणाली. “समजलं?”

“समजलं... पण पुन्हा डाग पडले तर?”

“नाही पडणार. माहं काम हाये ते.”

रविवारची फेरी झकास झाल्याचं जीपवाल्यांकडून तिच्या कानावर आलं. ती दिवसभर गुणगुणत राहिली. आणि काही दिवसांतच ती निळी बोट पुन्हा दुकानासमोर येऊन थांबली. अंगावर पांढरे ठिपके!

त्याला पाहून तिचं काळीज आधी फुललं. मग तिनं बोटीवरून हात फिरवला, आणि तो हात थांबला. ठिपके एकाच बाजूला होते. मग्यात भरून पाणी फेकावं तसे, शिंतोड्याशिंतोड्यांचे.

“हे धरणाचे डाग नाहीत,” ती म्हणाली.

हरीओम पायाकडे बघू लागला.

“बोअरचं पाणी मुद्दाम टाकलं?”

“इकडे यायले काहीतरी कारण पायजे होतं, उज्ज्वला... दुसरं काही सुचलं नाही मले.”

दुसरी कुणी असती तर लाजली असती. उज्ज्वलाच्या डोळ्यांत मात्र पाणी तरारलं.

“मले भेटायसाठी माहंच काम खराब केलं तू? रस्त्यानं सारे पाहत आले असतील... उज्ज्वलानं केलेली बोट, अन् पुन्हा डाग! या नावासाठी मी काय काय ऐकून घेतलं, माहीत हाये तुले? घेऊन जा ती बोट.”

हरीओमचा चेहरा उतरला. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. पण तो गेला नाही.

“चुकलंच माहं,” तो म्हणाला. “मीच साफ करतो. इथंच, सगळ्यांसमोर. डाग मीच पाडले, हेही सांगतो. मगच जातो.”

तो खरंच चौकात जाऊन बॅटरीचं पाणी आणि व्हिनेगर घेऊन आला. बोट सावलीत घेतली. कोपऱ्यात आधी करून पाहिलं. वाटेनं जाणारा कुणी थांबला की तो हात न थांबवता सांगे, “काम हिचं एक नंबर होतं, दादा. डाग मी पाडले, माह्या येडेपणानं.” उज्ज्वला पाठ फिरवून एका गाडीचं दार पुसत बसली होती. ते दार केव्हाच पुसून झालं होतं.

“पोराचा हात हलका हाये,” उत्तमराव शेडमधल्या खुर्चीतून म्हणाले. तिनं तेच दार पुन्हा पुसायला घेतलं.

उन्हं कलली तेव्हा हरीओम तिच्याजवळ आला.

“एक ठिपका राह्यला. आत गेला हाये. जोर लावला तर निघेल, पण कोटिंग जाईल... म्हणून थांबलो.”

उज्ज्वलानं वर पाहिलं. त्याची बोटं पाण्यानं सुरकुतली होती, शर्टाला व्हिनेगरचा वास येत होता. तो ठिपका त्याला लपवता आला असता. तिनं पॉलिशचं पॅड उचललं आणि त्याच्याशेजारी वाकून, हलक्या हातानं तो काढून टाकला.

“हरीओम,” ती म्हणाली.

“हं?”

“पुढच्या वेळी कारण आणू नको... नुसता ये.”

तो आला. पुन्हा पुन्हा आला, रिकाम्या हातानं आणि हसऱ्या डोळ्यांनी. आणि एका सकाळी उत्तमरावांना सोबत घेऊन उज्ज्वलाच धरणावर गेली. काठावर फेरीसाठी ही गर्दी! बोट उन्हात अशी झळकत होती की लोक तिच्यासमोर उभे राहून फोटो काढत होते. हरीओमचे वडील जगदेव तिथंच उभे होते. आता ते रोज येत.

“हे पोरगी कोण?” त्यांनी विचारलं.

“हे उज्ज्वला,” हरीओम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “बोट हिच्याच हातची हाये. अन् बाबा... हे हो म्हणत असन, तर मले हिच्याशीच लग्न करायचं हाये.”

उत्तमरावांनी लेकीकडे पाहिलं. उज्ज्वलाचे गाल लाल झाले होते, पण आवाज कापला नाही.

“दुकान मी बंद करणार नाही,” ती जगदेवांना म्हणाली. “आधीच सांगून ठेवते.”

“बंद कर कोण म्हणते?” जगदेवांनी बोटीवरून तळवा फिरवला, निरखून पाहिलं. “मले एवढंच सांग पोरी... माह्या ट्रॅक्टरलेही असं चमकवता येते का?”

“हो,” उज्ज्वला म्हणाली. बघत मात्र ती हरीओमकडे होती.

तिनं नेमकं कशाला हो म्हटलं, हे तिथं कुणाला विचारावं लागलं नाही. हरीओमनं हात पुढे केला, आणि ती बोटीत चढली.