दर्यावीराची आई

“ऋजुता, पोरीला नेऊ नकोस हो त्या सिनेमाला. काळोखात बसवतात, वर ती मेली चित्रं हलतात नि बोलतात. घाबरायची ती.” दमयंतीबाईंनी सुनेला बजावलं होतं.

“आई, कार्टून आहे ते!” असं म्हणत ऋजुताने छोट्या सावनीच्या वेण्यांना रिबिनी बांधल्या आणि रिक्षा पकडली.

सासूबाईंचं खरं ठरलं. शाळेच्या हॉलमध्ये ‘दर्यावीर रघू’ रंगात आला होता. मिरकरवाड्यातल्या रघूची आई खडकांवरच्या शिंपल्यांतली कालवं काढायला जाते, भरती येते, आई बुडते... आणि त्याच लाटेतून रघूला अंगभर प्रकाशण्याची शक्ती मिळते. इतर मुलांनी शिट्ट्या मारल्या. सावनीने मात्र असा टाहो फोडला, की ऋजुताला तिला उचलून बाहेर न्यावं लागलं. बाबा गेल्यापासून पोरीला वाटे, डोळ्यांआड झालेली आई परत यायचीच नाही. बालवाडीच्या दारात रोज तिची बोटं एकेक करून सोडवावी लागत.

व्हरांड्याच्या कडेने पागोळ्या गळत होत्या. आतून एक उंच, चष्मेवाला तरुण धावत आला.

“मी उन्मेष. सिनेमा मी केलाय... फार घाबरली का हो ती?”

“तुम्ही आई का मारलीत?” ऋजुता एकदम म्हणाली.

“म्हणजे... हिरो व्हायचं तर काहीतरी गमवावं लागतं ना?”

“आणि कालवं काढणारी बाई भरती विसरेल? मी पूर्णगडची आहे. आमच्याकडे बाई एकवेळ चुलीवरचा भात विसरेल, भरती नाही! पोरगा शूर ठरावा म्हणून तुम्ही त्याच्या आईला बावळट केलंत.”

उन्मेषने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “आमचं गाव आत, संगमेश्वराकडे. समुद्र मी... काठावरूनच बघितलाय.”

“दिसतंच आहे ते.”

तो हसला. छान हसला — आणि ऋजुता उगाचच पावसाकडे बघू लागली.

“काका, त्याची आई कधी येणार?” सावनीने हुंदका देत विचारलं.

नुसती चित्रं आहेत गं, असं तो म्हणू शकला असता. पण तो तिच्यासमोर उकिडवा बसला. “मी आणतो तिला परत. वेळ लागेल. चालेल?”

सावनीने मान हलवली. ऋजुताने मात्र तिला जवळ ओढून घेतलं. पोरीला दिलेला शब्द या माणसाने पाळला नाही तर?

त्याने पाळायला घेतला. माळनाक्याला त्याचा कॉम्प्युटर क्लास होता. रविवारी क्लासला सुट्टी. मग ऋजुता सावनीला घेऊन तिथे जाऊ लागली... चुका काढायला.

“लुगडं असं नाही. कासोटा हवा.”

“तुम्ही जरा दाखवता?”

“कासोटा?”

“अहो नाही! ती खडकावर कशी उभी राहील ते!”

दोघंही लाल झाली. तेवढ्यात लोडशेडिंग सुरू झालं, कॉम्प्युटर बंद पडला, आणि दोघांनाही मनापासून बरं वाटलं.

“भरतीत सापडली तर ती करील काय?” उन्मेषने विचारलं.

“उंच खडकावर चढून ओहोटीची वाट बघेल. आणि काठावर पोर रडत असेल, या काळजीने झुरेल.”

त्याने कागद पुढे ओढला. “मग रघू तिच्यासाठी प्रकाशेल. आपलं पोर सुखरूप आहे, एवढं तिला लांबून दिसावं म्हणून.”

“हं... आता जमलं,” ऋजुता म्हणाली. तिचा आवाज ओला झाला होता.

“फक्त आईला आवाज हवाय.”

“शोधा की कुणीतरी.”

“शोधलाय. आत्ता ऐकतोय.”

घरी दमयंतीबाई म्हणाल्या, “हल्ली तुझा रविवार फार लवकर उजाडतो गो.” आणि वर डब्यात लाडू भरून दिले. “दे त्याला. हडकुळा आहे मेला.” ऋजुताने त्यांना वाकून नमस्कार केला. का, ते दोघींनीही बोलून दाखवलं नाही.

थंडीत पुन्हा खेळ लागला. हॉल तोच. दिवे मालवले तशी सावनीने आईचा हात गच्च धरला. पडद्यावर पाणी चढू लागलं. रघूची आई खडकावर चढली, काठावर एक इवलासा उजेड लागला, आणि तिने साद घातली, “दिसलास रे, बाळा! येते मी!”

सावनीने चमकून आईच्या मिटलेल्या ओठांकडे पाहिलं.

“आई... तू तिथे आहेस, तरी इथेच आहेस?”

“हो गं.”

ओहोटी लागली. रघूची आई चालत परत आली. सावनीने हात सोडला, खुर्चीवरून घसरली आणि पुढे सतरंजीवर मुलांमध्ये जाऊन बसली. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही!

शेजारच्या रिकाम्या खुर्चीत उन्मेष हळूच येऊन बसला.

“जमला का सिनेमा?” त्याने विचारलं. तिने त्याला सतरंजीवरची सावनी दाखवली. “तिकडे बघा.”

“तिकडे बघितलं. आता इकडे बघतोय. तुम्ही कशा आहात?”

किती दिवसांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. सगळे पोरीचं विचारत.

“मी... घाबरलेली असते. रोज.”

“मग रोज विचारायला मी असलो तर? जन्मभर...”

ऋजुताने आपला हात त्याच्या हातात ठेवला, आणि तिथेच राहू दिला.

त्या एका प्रश्नाचे आभार ती अजून मानते. तुमच्याही ओळखीत पोराचं बोट घट्ट धरून चालणारी कुणी असेल. पोराचा गालगुच्चा घेऊन तसेच पुढे जाऊ नका हं. जरा थांबा, आणि तिलाही विचारा... तू कशी आहेस?