बेसोफिल शून्य

साहेब, ठेकेदाराचे डॉक्टर असूनही तुम्ही केवलरामला हातसुद्धा लावला नाहीत. टेबलापलीकडे उभा केलात, त्याची सुजलेली मनगटं दुरूनच पाहिलीत, नाकाला रुमाल लावलात आणि फिटनेसच्या कागदावर लिहिलंत, 'त्वचारोग, संसर्गजन्य, कामास अयोग्य'. अंगावर पित्त उठलेल्या माणसापासून कुणाला काही लागत नाही, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं? की ठाऊक असून लिहिलंत? तुमच्या त्या कागदापायीच केवलरामची आणि समीक्षाची गाठ पडली, म्हणून तुमचे उपकार मानावेत असं कुणी म्हणेल. कुणी मानू नयेत.

गाठ पडली ती पॉवर हाऊस स्टेशनहून रिसालीला जाणाऱ्या ऑटोत. भादव्यातलं ऊन, रस्ता ओला, ऑटोत माणसं एकमेकांच्या मांडीवर. आणि मागच्या सीटवर एका पोराच्या शेजारी मात्र चांगली हातभर जागा रिकामी. त्याच्या मानेवर, हातांवर लाल फुगीर चट्टे उठले होते. लोक दांडीला लोंबकळत होते, पण तिथं बसत नव्हते. समीक्षा बसली.

"सरकून बसा मॅडम," तो खिडकीकडे बघत म्हणाला. "मले खाज आहे."

"दिसून राहिली."

"लागते म्हणतात."

"कोण म्हणते?"

"साहेब."

"लागत असती तर तुमच्या घरचे सगळे खाजवत बसले असते."

"घरी मायच आहे. ते खाजवते, पण डोकं."

"कावून?"

"पोराचं लग्न जमून नाही राहिलं म्हणून."

समीक्षानं ओढणीचं टोक ओठांवर धरलं. हसू लपलं नाही. त्यानंही मान वळवून पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं... आणि पाहतच राहिला असता, पण पाठीवर पुन्हा खाज सुटली.

रिसाली येईपर्यंत तिला सगळं कळलं. नाव केवलराम. "आजोबाचं ठेवलं, मी अजून तेवढा झालो नाही," असं त्यानं आपणहून सांगितलं. राहणार खुर्सीपारचा, मूळ भंडाऱ्याकडचा. ठेकेदाराकडे नालेसफाईचं काम. गमबूट येणार, येणार म्हणत सगळा पावसाळा तो अनवाणी चिखलात उतरला होता. मग अंगावर हे उठायला लागलं. तुम्ही रक्त तपासून आणायला सांगितलंत. रिपोर्ट अगदी साफ आला. रक्तात ॲलर्जीची खूण नाही, जंताची नाही, म्हणजे लागणारंच काहीतरी असेल, असा निकाल तुम्ही दिलात आणि कामावरचा गेटपास काढून घेतलात. म्हणून तो आता रिसालीला दुसरं काम शोधायला निघाला होता.

त्यानं खिशातून रिपोर्ट काढून दाखवला. निळ्या अक्षरातलं लॅबचं नाव. खाली सही. सही समीक्षाची होती.

तिनं कागद घडी करून परत दिला. उद्या लॅबमध्ये या, परत रक्त बघू, एवढंच म्हणाली. त्याच क्षणी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

सांगायचं होतं ते असं. रिसालीतल्या त्या छोट्या लॅबमधलं मशीन पांढऱ्या पेशींचे तीनच ढीग करतं. रिपोर्टात मात्र पाच ओळी असतात. उरलेल्या पेशी माणसानं काचेवर रक्ताचा थेंब पसरून, रंगवून, दुर्बिणीखाली डोळ्यांनी मोजायच्या. सकाळी रांग लागलेली असताना कोण मोजणार? लॅबचे मालक भय्याजी, त्यांनी पहिल्याच दिवशी तिला शिकवलं होतं, इओसिनोफिल दोन, मोनोसाइट दोन, बेसोफिल शून्य, असं भरून टाकायचं. बेसोफिल तर कधी दिसतच नाही. तीन वर्षं समीक्षानं ते शून्य न बघता टाकलं होतं. केवलरामलाही तेच मिळालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लॅब रिकामी असताना तिनं त्याचं रक्त घेतलं. काच रंगवली आणि डोळा लावून बसली. शंभरात चोवीस इओसिनोफिल. जंत किंवा ॲलर्जी असली की वाढतात त्याच या पेशी; पहिल्या कागदावर तिनं दोन लिहिल्या होत्या. मग ती बेसोफिल शोधू लागली. तीनशे पेशी मोजल्या, पाचशे मोजल्या. एकही नाही.

"काय हरवलं?" केवलरामनं विचारलं.

"एक पेशी. बेसोफिल म्हणतात. हजारात चार-पाच असतात. गडद जांभळे दाणे पोटात भरून फिरते, इतके की तिचा मधला भाग पण दिसत नाही. शरीराला एखाद्या गोष्टीचं वावडं असलं का तिच्या अंगावर अँटीबॉडी येऊन बसतात. ते गोष्ट आली का पेशी फुटते, दाणे बाहेर पडतात, अन् खाज सुटते."

"मंग माझ्यात पाहिजे न भरपूर. नाही कावून?"

"पुस्तकात लिहिलं आहे, असं पित्त उठलं का त्या रक्त सोडून चामडीत जातात. तिकडं काम निघते." ती थांबली. "पण एवढ्यावरून कोणी निदान करत नाही. हे फक्त मले दिसलं म्हणून सांगून राहिली."

"अन् हे काम कशासाठी? खाजवायसाठी?"

"जंतासाठी. पोटात जंत गेले का हे पेशी बाकीच्याइले हाक मारते. ॲलर्जीत तेच हाक चुकीच्या माणसाच्या नावानं जाते."

केवलरामनं विचार केला. "म्हणजे आमच्यासारखी. गिनतीत नाही, काम सगळं तिचंच."

"सगळं नाही. लढणाऱ्या दुसऱ्या असतात. हे हाक मारते."

"हाक मारणं कमी काम आहे का?" तो हळूच म्हणाला. समीक्षानं वळून खणातून एक झाकणाची डबी काढली, त्याच्या हातात दिली आणि उद्या सकाळचा नमुना आणा, म्हणाली.

प्रेमकथेत पोरगी पोराला पहिली भेट काय देते, रुमाल, पुस्तक, निदान चॉकलेट. तिनं केवलरामला शौचाची डबी दिली. तो डबीकडे बघत राहिला. माझ्या मायनं पोरगी शोधली असती तर एवढ्या लवकर एवढी ओळख झाली नसती, असं तो म्हणाला. समीक्षा कानापर्यंत लाल झाली, आणि मग दोघं असे हसले की एव्हाना बाहेरच्या बाकावर येऊन बसलेले पेशंट डोकावून बघू लागले.

नमुन्यात अळ्या सापडल्या. दोऱ्याच्या तुकड्यासारख्या, वळवळणाऱ्या. चिखलातून पायाच्या चामडीवाटे शिरतात त्या. सरकारी डॉक्टरीणबाईनं रिपोर्ट नीट वाचला, गोळ्या दिल्या, अनवाणी चिखलात जायचं नाही म्हणून बजावलं. तिसऱ्या आठवड्यात चट्टे थांबले. संध्याकाळी सिव्हिक सेंटरच्या बाजारात दोघं गुपचूप, म्हणजे आपली पाणीपुरी, खात उभे राहू लागले. तो खरोखरच गुपचूप खायचा. तिखट लागलं तरी बोलायचा नाही, फक्त डोळ्यांत पाणी.

एकदा तिनं पुन्हा त्याचं रक्त घेतलं. बराच वेळ काच सरकवल्यावर ती दिसली. जांभळी, दाण्यांनी ठासून भरलेली, एकटी. समीक्षानं त्याला बोलावलं. त्यानं चुकीचा डोळा मिटला. तिनं त्याच्या कपाळाला हात लावून डोकं सरळ केलं, आणि हात लगेच काढायला हवा होता... तो काढला नाही.

"सुंदर आहे," तो भिंगातच बघत म्हणाला. "तुमीच म्हणून शोधली."

तिचा हात तेव्हा कपाळावरून निघाला. जळाल्यासारखा.

ते कौतुक तिला पचलं नाही. त्यात साहेब, तुम्ही नवा पेच टाकलात. एकाच लॅबचे दोन रिपोर्ट, एकात काही नाही, एकात सगळं. खरा कोणता, ते लेखी आणा, मग पास बघू. भय्याजींनी तोडगा काढला, पहिला नमुना खराब झाला होता असं लिहून देऊ, कुणाचंच काही जात नाही. समीक्षानं रात्रभर विचार केला. खोटं लिहिलं तर केवलरामचा पास येईल, तिची नोकरी राहील आणि संध्याकाळचं गुपचूपही राहील. फक्त एक माणूस आयुष्यभर तिला 'तुमीच म्हणून शोधली' म्हणत राहील.

दुसऱ्या संध्याकाळी तिनं त्याला बाकावर बसवलं आणि सांगितलं. आकडे मीच टाकले. न बघता. ऑटोत तुमचा कागद पाहिला तेव्हाच समजलं होतं.

केवलरामनं खिशातून तो पहिला रिपोर्ट काढला आणि खालची सही पाहिली.

"माय लोकाच्या घरी भांडे घासून राहिली," तो म्हणाला. "मी घरी बसून तिले सांगत होतो का लॅबवाली मॅडम देव आहे."

तो उठून गेला. मागं वळून पाहिलं नाही.

समीक्षानं पत्र लिहिलं. पहिल्या अहवालातले तीन आकडे न तपासता भरले, भरणारी मी. ते तिनं स्वतः ठेकेदाराच्या ऑफिसात दिलं आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकीवरून हलली नाही. भय्याजींनी उद्यापासून येऊ नको म्हटलं. तिनं ॲप्रन धुऊन परत केला.

अकरा दिवसांनी रविवारी सकाळी केवलराम बोरसीला तिच्या घरी आला. गळ्यात पास होता, पायांत नवे गमबूट, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. तिचे वडील शामराव रेल्वेतून ट्रॅकमन म्हणून निवृत्त झालेले. ते अंगणात पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही, पण पान उलटायचंही थांबवलं.

"बूट दाखवाले आलो," केवलराम म्हणाला. "पास भेटला. पत्रानंच भेटला." मग जरा थांबून, "थँक्यू म्हणाले नाही आलो. राग गेला नाही माझा."

"जाऊ नका देऊ," समीक्षा म्हणाली. "खरा आहे तो."

"मंग मी कावून आलो, मलेच समजून नाही राहिलं. घरी बसलो तरी तुमी, नाल्यात उतरलो तरी तुमी. माय म्हणते, जाऊन भांडून ये."

"भांडा."

तो उभाच राहिला. भांडण काही सुचेना. पेपरामागून शामराव खाकरले.

समीक्षा पायरी उतरून त्याच्यासमोर आली. तिच्या हातात आता ना काच होती, ना सही करायला कागद, ना नोकरी. तरी तिनं आवाज खाली आणला नाही.

"केवलराम, माफी मी मागितली, ते तुमी कधी द्यायची ते तुमचं तुमी बघा. वर्ष लागलं तरी चालते. पण मी तुमच्यावर प्रेम करून राहिली, अन् ते लपवाची नाही आता, बाबा ऐकून राहिले तरी. रागावलेल्या माणसाशी लग्न कराले मी तयार आहो. तुमी आहा का? घरी जाऊन, मायले विचारून, उद्या-परवा असं नाही पाहिजे मले. इथंच सांगा. हो, का नाही?"