दहा किलोमीटरवरचा भोंगा

"ऐका! पुन्हा वाजला!" पेरिझात खिडकीशी धावली.

सार्सेनने हातातला तळलेला बावरसाकचा गोळा तसाच ताटलीत टाकला. या बहीणभावांचा शेजारी पालमान मात्र चघळतच उठला. बाहेर अराल समुद्राचा कोरडा तळ पसरला होता. तिथे पाणी असलेलं या तिघांनी कधी पाहिलंच नव्हतं. आणि तिथूनच जहाजाचा भोंगा ऐकू येत होता. तीनदा. मग शांतता. मग पुन्हा तीनदा.

"बुडालेले खलाशी बोलावतायत," पालमान कुजबुजला.

"गप रे!" सार्सेनच्या अंगावर काटा आला. "वारा असेल."

"वाऱ्याला मोजता येतं का? दर वेळी तीनच कसे?" पेरिझात म्हणाली. "आजोबाच आहेत ते!"

तोलीबाय आजोबा काल पहाटे त्यांच्या जुन्या बोटीकडे चालत गेले होते. बोटीला त्यांनी आजीचं नाव दिलं होतं, गुलझिबा. आजी हिवाळ्यात गेली. बोटीवरचं नाव पुसट झालंय, ते रंगवून संध्याकाळी येतो, असं सांगून ते गेले. संध्याकाळ गेली, रात्र गेली. बरोबर पाण्याची एकच बाटली होती.

बाहेर जीप थांबली. ओरलबाय आगा, म्हणजे पेरिझात आणि सार्सेनचे मामा, धूळ झटकत आत आले.

"बारा किलोमीटर उत्तरेला गेलो. बोट नाही, म्हातारा नाही, काही नाही! नुकूस शहरात कुणाकडे तरी गेला असेल. चहा टाका."

"पण आगा, भोंगा..."

"पोरी, बिनपाण्याच्या समुद्रात भोंगा कोण वाजवेल? आणि मिठाचं वादळ येतंय. आता उद्याच बघू."

उत्तरेचं आभाळ खरोखरच पांढरं झालं होतं. मिठाची धूळ एकदा उठली की माणसाला श्वास घेता येत नाही. उद्यापर्यंत फार उशीर झाला असता.

पेरिझातने आजोबांची मासेमारीची वही काढली. पहिल्याच पानावर त्यांच्या नेहमीच्या मासेमारीच्या जागेची वाट लिहिली होती; पाणी आटलं तेव्हा बोट तिथेच रुतली होती. 'धक्क्यापासून उत्तरेला ४ किलोमीटर. होकायंत्रावर ३७ अंश धरून ५. मग पूर्वेला ३.'

"चार, पाच, तीन. झाले बारा!" सार्सेन म्हणाला. "आगांचं बरोबर आहे की."

"बरोबर कसलं! गावात सगळे असंच सांगतात. बोट धक्क्यावरून उत्तरेला निघायची म्हणून उत्तर, आणि सगळी वाट मिळून बारा. पण मधे वाळूचा उथळ पट्टा होता, त्याला वळसा घालावा लागायचा. आगा वळलेच नाहीत!"

तिने चौकटीची वही उघडली. एक चौकट म्हणजे एक किलोमीटर.

"पालमान, कोनमापक दे. चार घरं वर. आता पाच तिरके. पण तिरकं कशाला मोजायचं? त्याचे दोन तुकडे करू. उत्तरेला किती, पूर्वेला किती?"

पालमानने रेघ मारून घरं मोजली. "वर चार, उजवीकडे तीन!"

"म्हणजे उत्तर चार अधिक चार, आठ. पूर्व तीन अधिक तीन, सहा."

सार्सेनने पट्टी ठेवली. "धक्क्यापासून सरळ दहा! आणि कोन... पुन्हा सदतीसच!"

"आगा कुठे पोचले होते बघ." पेरिझातने सरळ वर बाराव्या घरावर फुली मारली. दोन खुणांमध्ये सात घरांहून जास्त अंतर होतं.

"आगा तर ऐकणार नाहीत," सार्सेन म्हणाला.

"माझी आई ऐकेल," पालमान म्हणाला. "तिच्याकडे टँकर आहे!"

पालमानची आई, बीबीआपा, समुद्राच्या तळावर लावलेल्या रोपांना पाणी घालायच्या. त्यांनी वहीकडे एकदा पाहिलं, आभाळाकडे एकदा. "बसा. तोंडाला फडकी बांधा."

आजोबांचं होकायंत्र पेरिझातच्या मांडीवर होतं. बाहेर गंजलेली जहाजं मान टाकून पडली होती. शिंपले चाकाखाली कडकड मोडत होते. भोंगा कधी डावीकडून यायचा, कधी पाठीमागून. मग तो थांबला.

"का थांबला?" सार्सेनने विचारलं.

"सात... आठ... नऊ," बीबीआपा मीटरवरचे आकडे वाचत होत्या. समोर सगळं पांढरं झालं. "दहा!"

पांढऱ्या धुळीत एक काळी भिंत उभी होती. त्यावर ताज्या निळ्या रंगात अर्धंच नाव होतं. गुल.

"आजोबा!"

डेकचा गंजलेला पत्रा तुटून त्यांचा पाय आत अडकला होता. हाताने फिरवायचा जुना भोंगा छातीशी होता, पण हातात जोर उरला नव्हता. बीबीआपांनी पहारीने पत्रा उचकटला. मुलांनी आजोबांना ओढून टँकरमध्ये घेतलं, काचा चढवल्या, आणि वादळ आदळलं.

संध्याकाळी ओरलबाय आगांनी चौकटीची वही दोनदा पाहिली. "मी नुसती बेरीज केली," ते हळूच म्हणाले. "पोरी, तू दिशासुद्धा मोजलीस. शाबास! तिघांनाही!"

आजोबांनी वही घेतली आणि धक्क्यापासून बोटीपर्यंतच्या सरळ रेघेवरून बोट फिरवलं. एकदा. पुन्हा एकदा.

"दहाच?" त्यांनी विचारलं.

"दहाच, आजोबा."

"मी तुमच्या आजीला सांगायचो, बारा किलोमीटर लांब असतो मी, वाट बघू नकोस." त्यांनी बोट धक्क्याच्या खुणेवर ठेवलं. "इतकी जवळ होती होय ती."