काचेखालचा गारवा

१९९७च्या उन्हाळ्यात सांगलीतल्या आमच्या कॉलेजात मुकुल सर काचा भाजत असत. टायटॅनियम ऑक्साइडची पूड इतकी बारीक, की प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखालीही तिचा एक कण वेगळा दिसायचा नाही. ती खलून काचेवर लिंपायची, भट्टीत भाजायची आणि डाळिंबाच्या रसात बुडवून ठेवायची. अशी काच उन्हात धरली की तिच्यातून थोडीशी वीज निघे. धूर नाही, राख नाही, आवाज नाही. काचांची एक चौकट त्यांनी चाचणीसाठी जतकडच्या धनगरवस्तीवर, हरणाबाईंच्या घरी लावली होती. तिच्यावर ज्वारीच्या दाण्याएवढा लाल दिवा जळायचा.

मुकुल सरांच्या म्हणण्याप्रमाणे तो रात्रीही जळत होता.

"रात्री कसा?" मी विचारलं.

"तेच कळत नाही, मॅडम." माझ्याकडे न बघता त्यांनी भट्टीचं बटण बंद केलं.

शोधनिबंधावर त्यांच्याबरोबर माझंही नाव जाणार होतं. चौकटीमागे यांनी सेल दडवलाय, अशी माझी जवळजवळ खात्री झाली. त्यांना न सांगता मी जतची एस.टी. धरली.

कवठेमहांकाळ मागे पडलं आणि ऊस दिसेनासा झाला. वस्तीवर टँकरची वाट बघत लावलेल्या घागरी उन्हानं तापल्या होत्या. हरणाबाई साठीच्या असतील. मुलगा-सून मेंढरांमागं लांब गेलेले. दीड वर्षाची नात तेवढी त्यांच्यापाशी होती.

"कालिजातनं आलाय व्हय? या की आत."

चौकट छपरावर नव्हती. आतल्या बिनखिडकीच्या खोलीत, पाळण्याच्या बरोबर वर, खिळ्याला टांगलेली होती.

"वर शेरडं नाचत्यात," हरणाबाई म्हणाल्या. "आन् हिच्याखाली लय गार वाटतंय. पोरगी निवांत निजती."

नात खाली गोणपाटावर बसून दाणे काढलेल्या कणसाच्या बुरकुंडाशी खेळत होती. वर लाल दिवा जळत होता.

मी दार लोटून घेतलं. दिवा तसाच. चौकट उतरवून मागून पाहिली. दोन तारा आणि एक दिवा, बाकी काही नाही. मुद्दाम आणलेल्या जाड काळ्या कापडात काचा गुंडाळल्या. दिवा जरासुद्धा मंदावला नाही.

अंगावर काटा आला होता. भीतीचा असेल म्हणून मी स्वतःवरच चिडले. मग कोनाड्यातल्या बाटलीकडे लक्ष गेलं. खोबरेल थिजून पांढरंफटक झालं होतं. चैत्रात, जतला, भर दुपारी.

"हे असं कधीपासून?"

"दिवा आल्यापास्नं."

"मुकुल सरांनी बघितलं?"

"मागल्या म्हैन्यात आलं हुतं. उंबऱ्यातच हुबं ऱ्हायलं. आत या म्हनलं, तर न्हाई म्हनलं. पोरीकडं बघितलं आन् तसंच माघारी गेलं."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. काय, ते मात्र मला कळेना. मी तारा उपटल्या. दिवा विझला. चौकट बाहेर नेऊन दगडावर, उन्हात ठेवून आले. हरणाबाईंनी अडवलं नाही.

"च्या टाकते," एवढंच म्हणाल्या.

खोली तापायची वाट बघत मी भिंतीला टेकून बसले. चुलीवर आधण खळखळत होतं. बाहेरून उन्हाची झळ दारापर्यंत येत होती आणि तिथंच थांबत होती.

गारवा कमी होईना. उलट माझ्या डाव्या अंगाला तो वाढत चालला.

डावीकडून नात रांगत येत होती.

हरणाबाईंनी बशीत वाफाळता चहा ओतून माझ्यापुढे ठेवला आणि त्या चुलीकडे वळल्या. तेवढ्यात पोरीनं पुढे होऊन सबंध पंजा बशीत घातला.

मी किंचाळले.

ती रडली नाही. माझ्याकडे बघून हसली.

चहावर सुरकुतलेली साय धरली होती. मी बोट लावून पाहिलं. विहिरीच्या तळच्या पाण्यासारखा गार.

हरणाबाईंनी वळून बशीकडे पाहिलं. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही.

"ऱ्हाऊ द्या बाई. दुसरा वतते."

त्या जवळ आल्या. दोन्ही हातांवर पदराच्या घड्या घेतल्या आणि चुलीवरून पातेलं उतरवावं तशी, कुठं कातडीला कातडी लागणार नाही अशा बेतानं, नातीला उचलून बाजूला ठेवलं.