अकरा मीटरवरची मूठ

सोमवारी पिंपं धुवायची. हे माझं काम. तलावात तीन पिवळी पिंपं तरंगतात आणि त्यांच्या पोटाखाली साखळीला नळ्या लटकतात. पाणी किती गरम, किती गढूळ, आणखी काय काय ते या नळ्या मोजतात आणि पाव-पाव तासाला शहरातल्या कचेरीत कळवतात. कसं कळवतात ते मला विचारू नका. माझी शाळा चौथीत संपली. नळीवर शेवाळ चढलं की ती खोटं बोलायला लागते, म्हणून होडीतून जायचं आणि ब्रशने तिचं तोंड धुवायचं, एवढं मला कळतं आणि तेवढं पुरतं.

एक आणि दोन नंबरची पिंपं उथळात आहेत. तीन नंबर खोलात. तिथे साखळीला तीन नळ्या आहेत: एक मीटरवर, सहा मीटरवर आणि तळाशी अकरा मीटरवर. वरची हाताने धुता येते. खालच्या दोन धुवायच्या तर सगळी साखळी ओढून घ्यावी लागते, आणि ते एकट्याचं काम नाही.

नळी धुतली की मूठ द्यायची. ही पद्धत माझ्या मेहुण्याने काढली. कचेरीत फोन लावायचा, तिथल्या बाई नळ्यांना दर मिनिटाला आकडा पाठवायला लावतात, आणि आपण नळी पाण्यातच मुठीत गच्च धरायची. पाण्याचा आकडा सोडून ती हाताच्या गरमीचा आकडा दाखवायला लागली की बाईंना दोन गोष्टी कळतात. नळी चालू आहे, आणि माणूस घरी लोळत पडलेला नाही.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. सतत पाण्यात, म्हणून सगळे त्याला पाणकोंबडा म्हणायचे. आम्ही दोघं एकाच कामावर होतो. "दाजी, तुमच्या मुठीने आकडा खाली जातो म्हणे," असं तो माझ्या तोंडावर म्हणायचा. "बाई विचारत होत्या, काका जिवंत आहेत ना?"

अकरा महिन्यांपूर्वी तो गेला. काठावर वारा मोजायचा खांब आहे. त्याच्या टोकाला वाट्या फिरतात. त्यांना तेल घालायचं काम माझं. त्या सोमवारी पाळीही माझीच होती, पण कंबर धरली होती. बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या वारा शून्य आहे. मी त्याला म्हटलं, जा.

"दाजी, झाडं हलतायत," तो म्हणाला.

"झाडांना काय कळतं? यंत्र शून्य दाखवतंय."

वाट्या गंजून अडकल्या होत्या. दोन महिने मी तेल घातलं नव्हतं. होडी तीन नंबरपाशी उलटी सापडली. पाणबुड्यांनी चार दिवस तळ चाचपला. तो काही मिळाला नाही.

तेव्हापासून आमची ही माझ्याशी बोलत नाही. भांडतही नाही. ताट ठेवते आणि दुसऱ्या खोलीत जाते. पाणबुडे परत गेले त्या दिवशी एवढंच म्हणाली होती, "तो मिळाला तर सांगा. नाहीतर मला काही सांगू नका." चाळीस वर्षांचा संसार. तिने मला शिव्या घातल्या असत्या तरी मी कान देऊन ऐकल्या असत्या. मला दुसरं काहीच नको होतं.

तर गेल्या सोमवारची गोष्ट. सकाळचे दहा वाजले असतील. ऊन होतं. खांबाकडे न बघता झाडांकडे बघून निघालो. पाणी ताटासारखं सपाट. तीन नंबरला होडी बांधली, वरची नळी धुतली, फोन कानाला लावला आणि मूठ दिली.

"चौतीस," बाई म्हणाल्या. "सोडा, काका."

सोडली.

"वरची उतरली. आता तळाची पण सोडा."

"तळाची कशी सोडू? धरलीच नाहीये."

"तुम्ही साखळी ओढली नाहीत?"

"या कंबरेने? माझ्या बापालाही जमलं नसतं."

"मग बिघडली असेल. तळाचं पाणी अठरा असतं. ही पस्तीस दाखवतेय." कागद चाळल्याचा आवाज आला. "तुम्ही वर मूठ दिलीत ना... त्याच मिनिटाला चढली."

मी खाली वाकलो. पाण्यात हातभर खाली दिसतं, पुढे हिरवं आणि मग काळं. शेवाळाचा आणि ओल्या लोखंडाचा वास येत होता. साखळीला बोट लावलं. रिकामी साखळी नुसती लोंबते. हिला कोणीतरी धरल्यासारखा ताण होता. ओढत नव्हतं. नुसतं धरलं होतं.

मी बोट काढून घेतलं.

"उतरली," बाई म्हणाल्या. "अठरा. पुढच्या महिन्यात बदलून टाकू."

घरी आलो तेव्हा ही धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तो मिळाला नव्हता, म्हणजे बोलायची परवानगी नव्हती. तरी मी भिंतीकडे तोंड करून सगळं सांगून टाकलं. आपण काय मूर्खासारखं बडबडतोय, हे बोलतानाच कळत होतं.

घड्या घालणं थांबलं.

"किती होतं?" तिने विचारलं. अकरा महिन्यांत पहिल्यांदा.

"पस्तीस."

"थंडीतसुद्धा त्याचे तळवे गरम असायचे," ती म्हणाली आणि घडी पुन्हा उचलली. "उद्या मी येते."

"तुला पोहता येत नाही."

"त्याला येत होतं."



मंगळवारी सकाळी ही होडीत पुढे बसली, माझ्याकडे पाठ करून. तीन नंबरला पोहोचल्यावर मी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा करून फळीवर ठेवला.

"आज मंगळवार आहे, काका," बाई म्हणाल्या.

"माहीत आहे. आकडे लावा."

वरची नळी कशी धरायची ते मी हिला दाखवलं. तिने बांगड्या मागे सारल्या, हात पाण्यात घातला आणि मूठ आवळली. आम्ही वाट बघत बसलो. पिंपावर पाणी चुळूक-चुळूक वाजत होतं.

"वरची तेहतीस... चौतीस," बाई म्हणाल्या.

"आणि तळाची?"

"अठरा. आपोआप दुरुस्त झाली की."

मी श्वास सोडला. हिची पाठ वाकली, वाळूचं पोतं खाली बसावं तशी. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं होतं. आता घरी जाऊ, म्हटलं, ती पुन्हा गप्प होईल, होऊ दे.

"थांबा," बाई म्हणाल्या. "आता मधली बिघडली वाटतं. सहा मीटरची. पस्तीस."

मी पिंपाची गाठ सोडली आणि वल्ही उचलली.

"सोड ती," मी हिला म्हणालो. "ए... सोड ती नळी."

"वल्ही खाली ठेवा," ती म्हणाली. हळू, निजलेल्या पोराजवळ बोलावं तसं. "होडी हलवू नका."

मी वल्ही खाली ठेवली नाहीत, पण मारलीही नाहीत. नुसता धरून बसलो. गाठ सोडलेली होडी जागची हलली नाही.

एक मिनिट गेलं. आणखी एक.

"मधली पण उतरली," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीचाच होता, कचेरीतला, मागे कोणीतरी कपबशी ठेवल्याचा आवाज आला. "खालच्या दोन्ही ठीक आहेत आता. फक्त वरची वाढली. छत्तीसच्या पुढे गेलीय. काका, एका मुठीने एवढं होत नाही. दोघांनी धरलीय का?"

माझे दोन्ही हात वल्ह्यांवर होते. हिचा एक हात पाण्यात होता, दुसरा होडीच्या कडेवर.

"हो," मी तोंड उघडायच्या आधी ही म्हणाली.